लस घेतली आणि पाळी पुढे गेली, तर

पाळी चालू असली तरी लस घेता येते. ‘पाळीच्या आधी आणि नंतर पाच-पाच दिवस कोविडची लस नको’ हा एप्रिल २०२१ मध्ये व्हॉट्सअॅपवर फिरलेला मजकूर खोटा असल्याचं केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने (पीआयबी) तेव्हाच जाहीर केलं होतं. डोस घेण्याआधी मागच्या तीन पाळ्यांच्या पहिल्या दिवसाची तारीख कॅलेंडरवर मांडून ठेवा, म्हणजे पुढचा हिशोब अंदाजपंचे होत नाही.

कोविड लशीबाबत सुमारे चार हजार अमेरिकी स्त्रियांच्या नोंदी तपासल्या गेल्या. पाळी सरासरी एक दिवसही लांबलेली नव्हती. एकाच चक्रात दोन्ही डोस घेतलेल्यांची साधारण दोन दिवस लांबली, आणि पुढे ती ठिकाणावर आली. तसंही ताप, जागरण, ताण यांनी बीज सुटायला उशीर होतो आणि पाळीही लांबते.

आठवडा उलटूनही पाळी आली नाही, तर लशीला दोष देण्याआधी लघवीची तपासणी करा. खरी चूक इथेच होते: ‘इंजेक्शनमुळे असेल’ म्हणत दोन महिने निघून जातात. सकाळची पहिली लघवी घ्या, किटवर लिहिलेत तेवढेच थेंब खाचेत टाका आणि दिलेल्या वेळेतच वाचा. अर्ध्या तासाने दिसणारी फिकट रेघ बहुधा लघवी वाळल्याची असते.

दिवस गेलेले निघाले तर कोणती लस घेतली ते पाहा. धनुर्वात-घटसर्पाची (टीडी) लस गरोदरपणात मुद्दाम देतातच. एचपीव्हीचे (गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणाऱ्या लशीचे) उरलेले डोस बाळंतपणानंतर घ्या. रुबेला (एमएमआर) आणि कांजिण्यांची लस मात्र जिवंत विषाणूंची. त्यानंतर महिनाभर दिवस राहू देऊ नयेत. राहिलेच, तर डॉक्टरांना सांगा, पण तेवढ्यावरून गर्भपात करायचा नसतो.

तापाला पॅरासिटामॉल. गरोदर असाल तर कॉम्बिफ्लाम नको, त्यात आयबुप्रोफेनही असतं. दंड दुखणं दोन-तीन दिवसांत ओसरतं. त्याच बाजूच्या काखेत गाठ लागली तर ती बहुतेकदा लशीचीच. सहा आठवड्यांनंतरही राहिली तर दाखवा.

तासाला एक पॅड भिजतंय आणि असं दोन तास चाललं, तर थेट दवाखाना गाठा. दिवस गेलेले असताना रक्त दिसलं किंवा पोटात एका बाजूला कळ आली, तरी तेच. पाळी जाऊन वर्ष झालेल्या बाईला डाग दिसला तर तो थेंबभर असला तरी तपासायचा, लस घेतलेली असो वा नसो.