कार्यक्रमाआधीची तयारी: बोटापासून स्पीकरपर्यंत

एका कार्यक्रमात दुसऱ्याच गाण्याला माझ्या गिटारचा आवाज गेला. मी थेट ॲम्पकडे धावलो. फ्यूज पाहिला, मागून ट्यूब पेटल्यात का ते पाहिलं, मग गिटार बदलली. तोवर ड्रमर आणि बेसवाला तेच चार बार फिरवून फिरवून वाजवत होते. दोष निघाला दोन पेडलांना, म्हणजे पायाने चालू-बंद करायच्या आवाज बदलणाऱ्या डब्यांना, जोडणाऱ्या वीतभर केबलमध्ये. त्या दिवसापासून मी तयारी वस्तूंच्या नावांनी करत नाही, आवाजाच्या वाटेने करतो. बोट, तार, पिकअप (तारेचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग), केबल, पेडल, ॲम्प, स्पीकर, माईक या क्रमाने तपासत जायचं आणि दोन वस्तू जिथे जोडल्या जातात तिथे दुप्पट वेळ थांबायचं. खालची तयारी त्याच क्रमाने लिहिली आहे.

सुरुवात तारांपासून. नव्या तारा आदल्या दिवशी चढवा, कार्यक्रमाच्या तासभर आधी नको. नवी तार ताणली जाते आणि खुंटीवरचे वेढे बसेपर्यंत सूर उतरत राहतो. प्रत्येक तार बाराव्या फ्रेटपाशी बोटाने उचलून हळूच ओढा, परत सुरात आणा, असं तीन-चार वेळा केलं की ती स्थिरावते. सूर लावताना नटपाशी (खुंट्यांजवळच्या खाचांच्या पट्टीपाशी) ‘टिक’ असा आवाज येऊन सूर उडी मारत असेल, तर तार खाचेत अडकते आहे. खाचेत पेन्सिलीचं टोक फिरवा, शिसपेन्सिलीतलं ग्रॅफाइट तिथे वंगणाचं काम करतं. शेवटी बाराव्या फ्रेटवर दाबलेला स्वर आणि तिथलाच हार्मोनिक (तारेला बोट नुसतं टेकवून काढलेला स्वर) ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला स्वर चढा येत असेल तर ब्रिजवरचं सॅडल (तार जिच्यावर टेकते ती सरकती बैठक) मागे घ्यायचं, उतरा येत असेल तर पुढे.

तारांची जाडी मात्र कार्यक्रमाच्या आठवड्यात बदलू नका. ९-४२ च्या सेटवरून (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) १०-४६ वर गेलात की गिटारच्या मानेवरचा ताण वाढतो, तिची वाक बदलते, आणि ट्रेमोलोच्या (दांडीने सूर हलवता येणाऱ्या ब्रिजच्या) स्प्रिंगा नव्याने आवळाव्या लागतात. दोन गिटारी नेत असाल तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. स्ट्रॅटोकास्टरची स्केल, म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंतची तारेची लांबी, २५.५ इंच आणि लेस पॉलची सुमारे २४.७५ इंच, त्यामुळे त्याच तारा त्याच सुरात लेस पॉलवर सैल लागतात. मी स्ट्रॅटवर ९ आणि लेस पॉलवर १० लावतो, म्हणजे गिटार बदलली तरी बेंड घेताना, तार बाजूला ओढून सूर चढवताना, बोटाचा अंदाज चुकत नाही. जाड तारांशिवाय भारी आवाज येत नाही, हे मला पटत नाही. ब्लॅक सबाथचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या दोन बोटांची टोकं कारखान्यातल्या अपघातात गेली. त्यांवर त्याने प्लास्टिक वितळवून टोपणं बनवली, बोटांना झेपतील अशा हलक्या तारा शोधल्या, आणि रॉकमधला सगळ्यात वजनदार समजला जाणारा आवाज त्यातूनच उभा केला.

दुसरी गिटार ही चैन नाही. तुमच्या गिटारवर फ्लॉइड रोज (तारा लॉक करणारा, स्प्रिंगांवर तरंगता ट्रेमोलो ब्रिज) असेल तर ती हवीच, कारण तिथे एक तार तुटली की स्प्रिंगांचा तोल जातो आणि उरलेल्या पाचही तारा बेसूर होतात. फ्लॉइड रोजचे ॲलनचे पाने गिटारच्या पिशवीतच राहू द्या. दुसरी गिटारही पहिलीइतकीच तयार ठेवा: तारा नव्या, पट्टा लावलेला, पट्ट्याला लॉक. पहिलीत सिंगल कॉइल (एकाच कॉइलचे) पिकअप असतील तर दुसरी हंबकरवाली (दोन कॉइलांच्या पिकअपची) न्या. स्टेजवरचे दिवे, डिमर, जवळचा ट्रान्सफॉर्मर यांमुळे सिंगल कॉइल गुणगुणते. हंबकरमधली दोन कॉइलं उलट जोडलेली असतात, म्हणून त्यांची गुणगुण एकमेकांत खोडली जाते. ऐनवेळी हाच फरक गाणं वाचवतो. ॲक्टिव्ह पिकअप असतील तर आतली ९ व्होल्टची बॅटरी नवी घाला आणि गिटार ठेवताना केबल काढा, कारण केबल खुपसलेली असेपर्यंत बॅटरी खर्च होत राहते.

पिक दहा-बारा घ्या, सगळी एकाच जाडीची. क्वीन बँडचा गिटारवादक ब्रायन मे सहा पेन्सच्या नाण्याने वाजवतो. त्याचं कारण समजून घ्या: नाणं वाकत नाही आणि त्याची दातेरी कड तारेवर घासते. तुमच्या हातालाही अशीच एखादी सवय असेल, तर ती वस्तू हरवली तर काय करायचं तेही आधी ठरवा.

आता केबल. रात्री उशिरा घात करणारी वस्तू हीच. प्रत्येक केबल ॲम्पला लावून, आवाज चालू ठेवून, दोन्ही टोकांपाशी हलवून बघा. खरखर आली किंवा आवाज क्षणभर गेला, तर ती केबल बाजूला काढून तिला गाठ मारा, म्हणजे घाईत ती परत पिशवीत जात नाही. सोल्डरिंगचा डाग देता येत असेल तर टोक कापून नवा जॅक लावा, पण कार्यक्रमाच्या दिवशी नको. विनाकारण लांब केबल वापरू नका. पॅसिव्ह (बॅटरी नसलेल्या) पिकअपला जितकी लांब केबल, तितकी तिची कपॅसिटन्स जास्त आणि तितका वरचा चकाकता आवाज कमी. सहा मीटर बहुतेक स्टेजांना पुरते. त्याहून लांब लागलीच तर साखळीत एक बफर (सिग्नल लांब केबलमध्ये न ढासळता पुढे नेणारं छोटं सर्किट) असू द्या. फझ पेडल (आवाज फाटका, खरबरीत करणारं) मात्र बफरच्या आधी ठेवा, कारण जुन्या पद्धतीच्या फझला थेट गिटार भेटली नाही की त्याचा आवाज चरचरीत होतो आणि गिटारच्या व्हॉल्यूमने तो मवाळही होत नाही.

पेडलबोर्ड घरीच पूर्ण जोडून किमान तासभर वाजवा. बहुतेक पेडलं ९ व्होल्ट डीसी आणि मध्ये ऋण टोक अशीच असतात, पण सगळी नाहीत. पेडलावर छापलेली खूण वाचल्याशिवाय पॉवर लावू नका. ओव्हरड्राइव्हला (आवाज किंचित फोडणाऱ्या पेडलाला) काही मिलिॲम्पिअर पुरतात, डिजिटल डिले किंवा रिव्हर्बला शेकड्यांत लागतात. सगळ्यांची बेरीज करा आणि सप्लायच्या प्रत्येक आउटपुटची मर्यादा त्याच्याशी ताडून पाहा. एकाच तारेवर सगळी पेडलं माळेसारखी ओवली आणि त्यात एखादं डिजिटल असलं, तर बारीक शिट्टीसारखा आवाज मिसळतो. वेगवेगळ्या, आयसोलेटेड (एकमेकांपासून विलग) आउटपुटचा सप्लाय त्यासाठी घ्यायचा. मला विचाराल तर बोर्डावर पेडलं कमी असावीत: ट्यूनर, वा (पायाने आवाजाचा रंग बदलणारं पेडल), एक ओव्हरड्राइव्ह, एक डिले. प्रत्येक वाढीव पेडलाबरोबर दोन जोड वाढतात. दोन जोडकेबली आणि संपूर्ण बोर्ड वगळून गिटार थेट ॲम्पला लावता येईल अशी एक लांब केबल, एवढं वेगळं बांधून ठेवा. आवाज गेला की पहिल्यांदा हीच केबल लावायची. आवाज परतला तर दोष बोर्डात किंवा त्याच्या केबलांत, नाही परतला तर गिटारमध्ये किंवा ॲम्पमध्ये.

ॲम्पच्या बाबतीत सगळ्यात आधी वीज. अर्थिंग नसलेल्या सॉकेटला ॲम्प लावायचा नाही आणि गुणगुण घालवायला प्लगची अर्थची पिन कधीही काढायची नाही. स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी १९७२ मध्ये स्वान्झीत स्टेजवरच विजेच्या धक्क्याने गेला. अर्थिंग नीट नसलेल्या माईकला त्याचा हात लागला होता. तार हातात असताना ओठ माईकला लागतात, म्हणून गाणाऱ्या गिटारवादकाने टेस्टर जवळ बाळगावा आणि माईकची जाळी आधी तपासावी. याबाबतीत संकोच करू नका, कार्यक्रम दहा मिनिटं उशिरा सुरू झाला तरी चालेल.

ट्यूब ॲम्प स्पीकर जोडल्याशिवाय चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. ॲम्प आणि कॅबिनेट वेगवेगळे असतील तर मधली केबल स्पीकरचीच हवी. गिटारची केबल दिसायला तशीच असली तरी तिची आतली तार बारीक असते, ती तापते. ॲम्पच्या मागचा ओहमचा आकडा आणि कॅबिनेटचा आकडा जुळवा. १६ ओहमची दोन कॅबिनेटं समांतर जोडली की ८ ओहम होतात, ही बेरीज अनेकांची चुकते. फ्यूज जेवढ्याचा छापला आहे तेवढ्याचाच लावा आणि तसेच दोन जादा ठेवा. प्रीॲम्पची एक ट्यूब, बहुधा १२एएक्स७, कापसात गुंडाळून ठेवा, ती बदलणं सोपं असतं. पॉवर ट्यूब जुळलेल्या जोडीतच बदलायच्या आणि बऱ्याच ॲम्पांत त्यानंतर बायस (ट्यूबमधून किती प्रवाह वाहावा याची जुळणी) लावून घ्यावा लागतो. ते काम जाणकाराकडून आठवडाभर आधी उरकून घ्या. आत मोठे कपॅसिटर असतात, प्लग काढल्यावरही ते भारलेले राहतात.

शंभर वॉटचा ॲम्प पन्नासाच्या दुप्पट मोठा वाजत नाही, फरक जेमतेम ३ डेसिबलचा असतो. म्हणून लहान ॲम्प घ्या, तो त्याच्या ऐन रंगात येईल इतका वाढवा आणि पुढचं काम माईकवर सोपवा. माईक स्पीकरच्या मधोमध रोखला की आवाज टोकदार येतो, कडेकडे सरकवला की मऊ होतो. जमलेली जागा जाळीच्या कापडावर चिकटपट्टीने खूण करून ठेवा.

पिशवीत उरलेलं: तारांचे दोन सेट, वायर कटर, खुंटी फिरवायचा वाइंडर, छोटी विजेरी, ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, कापडी चिकटपट्टी, कोरडा सुती रुमाल. गाण्यांचा क्रम मोठ्या अक्षरांत, आणि जिथे गिटार किंवा ट्यूनिंग बदलायचं तिथे रंगीत खूण.

स्टेजवर गेल्यावर ॲम्प स्टँडबायवर ठेवून ट्यूब तापू द्या. स्टेजच्या दिव्यांची ऊब लागली की सूर हलतो, म्हणून दोन्ही गिटारी पुन्हा लावून घ्या, दुसरी आधी. मग पहिली गळ्यात, व्हॉल्यूम शून्यावर, केबल पट्ट्यातून ओवून जॅकमध्ये, स्टँडबायचं बटण वर, आणि ड्रमरकडे मान वळवा.