बांधलेल्या नळ्या पुन्हा जोडायच्या आहेत? हॉस्पिटल ठरवताना या चुका टाळा

धाकट्या जावेची थोरली मुलगी डेंग्यूत गेली, तेव्हा जाऊ एकतीस वर्षांची होती. दुसऱ्या बाळंतपणानंतर, पंचविसाव्या वर्षीच, तालुक्याच्या शिबिरात तिचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं. मुलीचं वर्षश्राद्ध झालं आणि एका दुपारी तांदूळ निवडता निवडता तिने मला विचारलं, "ताई, बांधलेल्या नळ्या परत जोडता येतात का हो?"

येतात. पण कुठे जोडायच्या हे आम्ही ज्या रीतीने ठरवलं, तिथेच चुकलो. जवळच्या शहरातलं हॉस्पिटल, बाहेर मोठा बोर्ड, ओळखीतल्या एकाची शिफारस, एवढ्यावर तारीख घेतली. तिथे पोट उघडलं आणि तासाभराने डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "दोन्ही बाजूंना जोडण्याजोगी नळी उरलेली नाही." टाके घालून तिला घरी आणलं. ते ऑपरेशन टाळता आलं असतं, हे दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्यावर कळलं.

आपल्याकडे हा प्रश्न एखाद-दुसरीचा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी जवळपास निम्म्यांचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं दिसतं. त्यातल्या कुणाचं मूल दगावतं, कुणाचं दुसरं लग्न होतं. मग धावपळ सुरू होते, आणि घाईत नेमक्या याच चुका होतात.

जुना कागद शोधण्याआधी डॉक्टर शोधणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि आमचीही हीच. नळ्या जोडता येतील की नाही, हे बरंचसं पहिलं ऑपरेशन कसं झालं यावर ठरतं. बाईची गर्भनळी साधारण १० ते १२ सेंटिमीटर लांब असते. दुर्बिणीच्या ऑपरेशनात नळीवर छोटी रिंग बसवतात. त्यात दोन-तीन सेंटिमीटर नळी निकामी होते आणि बाकीची शाबूत राहते. टाक्याच्या ऑपरेशनात नळी बांधून मधला तुकडा कापतात. तिथे सहसा तीन-चार सेंटिमीटर जातात, कधी त्याहून जास्त. क्लिप लावली असेल तर नुकसान सगळ्यात कमी. नळी विजेने जाळली असेल तर बरंच जास्त. आणि नळीचं झालरीसारखं टोक, जे अंडं उचलून घेतं, तेच काढून टाकलं असेल तर जोडायला काही उरतच नाही.

जोडल्यावर निदान चार सेंटिमीटर नळी हाती राहावी, असं शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर पाहतात. दोन्ही कापलेली टोकं सारख्या जाडीची असली तर जोड चांगला बसतो. एक टोक दोऱ्याएवढं आणि दुसरं फुगीर असलं तर काम अवघड होतं.

हे सगळं जुन्या कागदांत सापडू शकतं. जिथे ऑपरेशन झालं त्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात किंवा खाजगी दवाखान्यात जा. ऑपरेशनची तारीख, पद्धत आणि कुठल्या अवस्थेत झालं (बाळंतपणानंतर लगेच, सिझरसोबत की नंतर वेगळं) याची नोंद मागा. नसबंदीचं प्रमाणपत्र घरात असेल तर तेही सोबत घ्या. शिबिरातलं ऑपरेशन असेल तर आशाताईंना विचारा, जुनं रजिस्टर कुठे आहे ते त्यांना बहुतेक ठाऊक असतं. आमच्या जावेचा कागद तिच्याच माहेरच्या ट्रंकेत, लसीकरणाच्या कार्डाखाली होता. तो आम्ही आधी शोधलाच नाही.

कागद मिळाला नाही तर डॉक्टरांना एकच गोष्ट विचारा: "पोट उघडण्याआधी दुर्बीण घालून बघाल का?" बेंबीपाशी लहानसं छिद्र पाडून आधी नळ्या बघायच्या आणि जोडण्याजोग्या असल्या तरच पुढे जायचं. या प्रश्नाला टाळाटाळ झाली, तर मी त्या जागी माझ्या घरातल्या कुणालाही नेणार नाही.

नवऱ्याची तपासणी मागे ठेवणं

"आम्हाला आधीची मुलं आहेत, म्हणजे त्यांच्यात काही दोष नाही" हे वाक्य किती घरांत ऐकलं, सांगता येणार नाही. पण मधे सहा-आठ वर्षं गेलेली असतात. वीर्य तपासणी स्वस्त आहे, एका दिवसात होते आणि कुठेही टाका पडत नाही. ती आधी, बाईचं पोट त्यानंतर. दुसरं लग्न असेल तर हे दुपटीने खरं.

बाईसाठी सोनोग्राफी आणि अंडाशयात किती बीजं उरली आहेत याचा अंदाज देणारी ए.एम.एच. ही रक्ताची तपासणी. आपल्याकडे गर्भाशयाचा आणि नळ्यांचा क्षयरोग गुपचूप असू शकतो, त्याबद्दलही विचारा. जी जागा या तपासण्यांशिवाय थेट तारीख देते, तिथे थांबू नका.

"नळ्या उघडल्या" म्हणजेच यश समजणं

एका फोनवर आम्हाला सांगितलं गेलं होतं, "आमचा नव्वद टक्के रिझल्ट आहे." कशाचा, हे आम्ही विचारलं नाही. नळी उघडी राहणं, दिवस जाणं आणि बाळ हातात येणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांचे आकडेही वेगवेगळे असतात. म्हणून असं विचारा: "माझ्या वयाच्या, रिंग टाकलेल्या बायकांपैकी तुमच्याकडे ऑपरेशन झाल्यावर किती जणींना मूल झालं?" उत्तरात वय आणि पद्धत नसेल, तर त्या टक्केवारीतून तुमच्याविषयी काहीच कळत नाही. पस्तिशीच्या आत, रिंग असलेल्या आणि बाकी सगळं ठीक असलेल्या बाईला चांगली आशा असते. चाळिशी ओलांडली की ती झपाट्याने कमी होते.

ऑपरेशन कसं करतात तेही विचारा. सूक्ष्मदर्शक किंवा भिंगाचा चष्मा वापरता का, केसाहून बारीक दोरा वापरता का, पोट उघडून करता की दुर्बिणीतून? दोन्ही रीतींनी चांगले निकाल मिळतात, हात सरावलेला हवा. नेहमी करणारे डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाहीत. आमचे दुसरे डॉक्टर कागदावर नळीचं चित्र काढून बसले होते.

आणि "ऑपरेशनशिवाय नळ्या उघडतो" या जाहिराती. आतून तार घालून नळी मोकळी करता येते ती, जिथे नळी गर्भाशयाला मिळते तिथे आपोआप अडलेली. कापलेली किंवा रिंगेने सुकलेली नळी तारेने, काढ्याने किंवा बस्तीने जुळत नाही. कुणी कानात कुजबुजून मुलगाच होईल अशी हमी देत असेल, तर तिथून लगेच उठा. गर्भलिंग निवड १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे.

एकाच दारात एकच उत्तर ऐकणं

जिथे फक्त टेस्ट ट्यूब बेबी होते, तिथे तेच सुचवलं जाईल. जिथे फक्त नळ्या जोडतात, तिथे जोडण्याचाच सल्ला मिळेल. म्हणून दोन्ही ठिकाणी विचारा. वय कमी, नळ्या पुरेशा, नवऱ्याचा रिपोर्ट चांगला असेल तर जोडणं बऱ्याचदा शहाणपणाचं: एकदा जोडल्या की दर महिन्याला नैसर्गिक संधी मिळते. वय अडतीसच्या पुढे, नळ्या तुटपुंज्या किंवा शुक्राणू कमी असतील तर टेस्ट ट्यूबकडे वळणं वेळ वाचवतं. त्यासाठीचं केंद्र २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान (एआरटी) कायद्याखाली नोंदणीकृत आहे का ते पाहा. त्या कायद्यात उपचारासाठी बाईचं वय पन्नासच्या आत आणि पुरुषाचं पंचावन्नच्या आत असावं लागतं.

पैशाचा हिशोब अर्धा करणं

आरोग्य विम्यावर भिस्त ठेवू नका. नसबंदी उलटवणं हे विम्याच्या ठरीव वगळण्यांत नावानिशी लिहिलेलं आहे. खाजगी ठिकाणी अंदाजपत्रक लेखी घ्या आणि विचारा: नळ्या जोडता आल्या नाहीत तर बिल किती?

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या स्त्रीरोग विभागात आधी चौकशी करा. सरकारी कामात या ऑपरेशनला 'रिकॅनलायझेशन' म्हणतात. ओपीडीत तोच शब्द वापरा, नाहीतर तुम्हाला भलत्याच रांगेत उभं करतील. मूल दगावलं असेल तर ते स्पष्ट सांगा. अशा आयांना सरकारने मदत केल्याचं उदाहरण आहे: २००४ च्या त्सुनामीत मुलं गमावलेल्या आयांसाठी तामिळनाडू सरकारने हे ऑपरेशन मोफत करून दिलं होतं.

पुढचे महिने कुठे, हे न ठरवणं

ऑपरेशन पुण्यात किंवा मुंबईत झालं म्हणून काम संपत नाही. जोडलेल्या नळीतच गर्भ अडकून वाढण्याचा धोका नेहमीपेक्षा जास्त असतो. नळी फुटली तर पोटात रक्तस्राव होतो आणि अशा वेळी शंभर-दोनशे किलोमीटर जायला वेळ नसतो. म्हणून ऑपरेशनच्या आधीच गावाजवळ एक सोनोग्राफी आणि रक्ताची सोय असलेलं प्रसूतिगृह ठरवा, तिथल्या डॉक्टरांना शस्त्रक्रियेचे सगळे कागद दाखवून ठेवा.

पाळी चार दिवस जरी चुकली तरी लघवीची तपासणी करा. ती पॉझिटिव्ह आली तर लगेच डॉक्टरांना कळवा. रक्ताची तपासणी आणि सहाव्या आठवड्याच्या आसपास आतून सोनोग्राफी करून गर्भ पिशवीतच आहे याची खात्री होईपर्यंत लांबचा प्रवास नको. पोटाच्या एका बाजूला कळ, थोडा रक्तस्राव, चक्कर, खांद्याच्या टोकाला दुखणं, यातलं काहीही झालं तर रात्र असली तरी निघा. आणि वर्षभर वाट पाहूनही दिवस गेले नाहीत, तर नळ्यांचा एक्स-रे करून जोड उघडा आहे का ते बघून घ्या. वय पस्तिशीपुढचं असेल तर सहा महिन्यांतच.