छोट्या चाकाच्या फोल्डिंगवर सस्पेन्शन सीटपोस्ट: आधी काय मोजायचं, मग कसं बसवायचं

20 इंची चाकांची फोल्डिंग सायकल घेतली आणि पहिल्याच आठवड्यात कंबर बोलायला लागली. हात ठीक, पाय ठीक, पण रस्त्यातली प्रत्येक भेग सरळ मणक्यात. मग मी घाईघाईने एक सस्पेन्शन सीटपोस्ट, म्हणजे दणका गिळणारा सीटखालचा दांडा, मागवला, तो आला तेव्हा कळलं की माझ्या सायकलीला तो चक्क सोळा सेंटीमीटर आखूड आहे. ही चूक खूप जण करतात म्हणून हे सविस्तर लिहितोय, कारण फोल्डिंगवर हा पार्ट छान काम करतो पण साध्या सायकलीसारखा उचलला आणि लावला असं होत नाही.

आधी हे समजून घ्या की दणका एवढा का बसतो. समजा रस्त्यात 20 सेंटीमीटर रुंदीचा खड्डा आहे. 700सी चं, म्हणजे नेहमीच्या मोठ्या सायकलीचं, चाक त्यात साधारण 15 मिमी खाली जातं, 20 इंची (406 मिमी रिमवालं) साधारण 21 मिमी आणि ब्रॉम्प्टन या फोल्डिंग सायकलीचं 16 इंची (349 मिमी रिमवालं) जवळजवळ 25 मिमी. खड्डा तोच, पण लहान चाक जास्त खोल पडतं आणि बाहेर येताना कडेवर जास्त उभं आपटतं. त्यात बहुतेक फोल्डिंगवर आपण मागच्या चाकाच्या जवळजवळ वरच बसलेलो असतो, त्यामुळे मागचा दणका कुठेही न विरता थेट सीटवर येतो. ही अडचण नवी नाही, ब्रिटिश इंजिनिअर अ‍ॅलेक्स मोल्टनने 1962 मध्ये छोट्या चाकाची सायकल आणली तेव्हाच तिला पुढे-मागे सस्पेन्शन दिलं होतं, कारण छोटं चाक आणि कडक फ्रेम हे जमत नाही हे त्याला माहीत होतं.

आता पोस्टवर खर्च करायच्या आधी टायर बघा, प्लीज. मी लोकांना हेच पहिल्यांदा सांगतो. फ्रेममध्ये आणि मडगार्डखाली जागा असेल तर 20×2.00 चं श्वाल्बे बिग अ‍ॅपलसारखं जाड टायर लावा आणि हवा कमी करा. टायरच्या बाजूला कमीत कमी आणि जास्तीत जास्त प्रेशर छापलेलं असतं, बरेच जण डोळे झाकून जास्तीत जास्त भरतात आणि मग सायकल कडक आहे म्हणून तक्रार करतात. पाच-पाच पीएसआय कमी करत जा आणि रोजच्या त्याच रस्त्यावर चालवून बघा, पण छापलेल्या कमीत कमीच्या खाली जाऊ नका नाहीतर ट्यूब रिमवर चिमटून पंक्चर होते. टायर सगळ्यांना आराम देतं, हाताला, पायाला, फ्रेमला, कॅरिअरवरच्या सामानालाही. सीटपोस्ट फक्त बसलेल्या भागाला देतो. तुमचा त्रास मनगटात असेल तर सीटपोस्टने काहीही होणार नाही हे आत्ताच सांगून ठेवतो.

टायरचं झालं आणि तरी कंबर दुखतेय, तर मग पोस्ट. दोन प्रकार असतात. पहिला टेलिस्कोपिक, म्हणजे नळीत नळी आणि आत स्प्रिंग, सरळ वर-खाली होतो. दुसरा पॅरॅलेलोग्राम, म्हणजे वरच्या बाजूला चार सांध्यांची यंत्रणा, सीट खाली जाताना थोडी मागेही जाते. केन क्रीकचा थडबस्टर, सनटूरचा एनसीएक्स, रेडशिफ्टचा शॉकस्टॉप हे या दुसऱ्या प्रकारातले. चालवायला दुसरा बराच चांगला. दणका मागून-खालून येतो आणि सीटही त्याच दिशेने सरकते, म्हणून अगदी छोटा खडखडाटही तो गिळतो. टेलिस्कोपिकमध्ये आपलं वजन तिरपं पडतं आणि नळी नळीला घासून अडकते, मग मोठ्या खड्ड्याला तो हलतो पण बारीक भेगांना ढिम्म राहतो. फोल्डिंगची सीट ट्यूब, म्हणजे फ्रेमची ज्यात पोस्ट जातो ती नळी, बऱ्याचदा जास्त मागे कललेली असते, तिथे हे अडकणं अजून जाणवतं.

मग सगळ्यांनी पॅरॅलेलोग्रामच घ्यावा का? इथेच मोजपट्टी काढायची.

पहिलं माप जाडी. डाहोन, टर्न आणि तशा बऱ्याच 20 इंची सायकलींचा पोस्ट 33.9 मिमी असतो, ब्रॉम्प्टनचा 31.8. नेहमीचे सस्पेन्शन पोस्ट मिळतात 27.2, 30.9, 31.6 मध्ये. व्हर्निअरने मोजा, पट्टीने अंदाज करू नका. 31.6 चा पोस्ट 31.8 च्या ठिकाणी आत जातो, घट्ट केल्यावर धरल्यासारखाही वाटतो, आणि दोन किलोमीटरवर हळूहळू खाली सरकायला लागतो. 33.9 मध्ये 27.2 बसवायला शिम मिळते, म्हणजे मधली नळी. शिम लांब घ्या, निदान आठ-दहा सेंटीमीटरची, आणि तिची चीर फ्रेमच्या चिरेशी जुळवून ठेवा नाहीतर क्लॅम्प (फ्रेमच्या तोंडाशी पोस्ट आवळणारा पट्टा) कितीही आवळला तरी पकड येत नाही.

दुसरं माप लांबी, आणि मी इथेच फसलो होतो. फोल्डिंगची फ्रेम बुटकी असते म्हणून तिचा पोस्ट 55-60 सेंटीमीटरचा असतो. बाजारातले बहुतेक सस्पेन्शन पोस्ट 35 ते 40. तुमच्या नेहमीच्या उंचीला सीट ठेवा आणि फ्रेमच्या क्लॅम्पच्या वरच्या कडेपासून सॅडलच्या, म्हणजे सीटच्या, खालच्या रेलपर्यंत (ज्या दांड्यांना पोस्ट धरतो) मोजा. माझं आलं 41. त्यात किमान आत राहायला हवा तो भाग मिळवा, साधारण 10 धरला तर झाले 51, म्हणजे 35 चा पोस्ट घेऊन मी नुसता बघत बसलो. पोस्टवर किमान आत ठेवायची रेघ असते, ती कधीही बाहेर दिसता कामा नये, आणि फ्रेमचीही वेगळी किमान अट असू शकते, ती सायकलीच्या पुस्तिकेत असते. दोन्हीतली जी जास्त ती पाळायची. पोस्ट नुसता वरच्या दोन इंचात धरला असेल तर एवढ्या लांब दांड्याचा सगळा जोर सीट ट्यूबच्या तोंडावर येतो आणि तिथे फ्रेमला तडा जाऊ शकतो, यात अजिबात रिस्क घेऊ नका.

तिसरं माप घडीचं. हे लोक विसरतातच. यंत्रणेमुळे सीटच्या खाली काही सेंटीमीटर असे येतात की जे फ्रेमच्या आत जाऊच शकत नाहीत, त्यामुळे घडी केल्यावर सीट तेवढी वर राहते. गाडीच्या डिकीत किंवा टेबलाखाली ठेवत असाल तर आत्ताच्या घडीची उंची मोजा, त्यात आठ-दहा सेंटीमीटर वाढवून बघा चालतंय का. ब्रॉम्प्टनवर तर जास्तच जपा, कारण तिथे पोस्ट पूर्ण खाली गेला की घडी लॉक होते, तो वरच अडकला तर उचलताना सायकल हातात उलगडायला लागते.

तर निवड अशी होते. उंची कमी आहे, मोजलेली लांबी 35-40 मध्ये बसतेय, तर शिम लावून चांगला पॅरॅलेलोग्राम घ्या. उंच असाल आणि सायकल 33.9 वाली असेल तर त्याच जाडीत लांब टेलिस्कोपिक शोधा, चालवायला तेवढा मऊ नाही पण मापात तरी बसतो. यातलं काहीच जमत नसेल, आणि ब्रॉम्प्टनवाल्यांचं बऱ्याचदा जमत नाही, तर मूळ पोस्ट तसाच ठेवून ब्रूक्स फ्लायरसारखं मागे स्प्रिंग असलेलं सॅडल लावा. वजन वाढतं पण पकड, लांबी, कशालाच हात लागत नाही. दोन्ही एकत्र मात्र नको, स्प्रिंगच्या सॅडलखाली स्प्रिंगचा पोस्ट म्हणजे सायकल चालवताना नुसत्या उड्या.

आता बसवायचं. जुना पोस्ट काढायच्या आधी पेडलच्या अ‍ॅक्सलपासून सॅडलच्या माथ्यापर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा, पेडल सगळ्यात खाली आणि क्रँक (पेडलचा दांडा) सीट ट्यूबच्या रेषेत ठेवून. सीट ट्यूब आतून फडक्याने स्वच्छ पुसा. फोल्डिंगचा पोस्ट रोज वर-खाली होतो आणि नुसत्या क्विक रिलीजने (हाताने उघडायच्या खटक्याने) धरलेला असतो, म्हणून तिथे ग्रीस चोपडू नका, स्वच्छ आणि कोरडा असला की सरकत नाही. सॅडल क्लॅम्पचे बोल्ट अ‍ॅलन कीने, पोस्टवर लिहिलेल्या टॉर्कला, म्हणजे तेवढ्याच जोराने आवळा.

खरं काम आहे वजनाला जुळवणं. पोस्ट डब्यातून येतो तसाच लावून महिनाभर चालवणारे आणि मग काही फरकच नाही म्हणणारे मी पाहिलेत. टेलिस्कोपिक पोस्ट उलटा केला की खालच्या तोंडात अ‍ॅलन कीची खाच असलेला एक स्क्रू दिसतो, तो आत फिरवला की स्प्रिंग आवळते, बाहेर फिरवला की सैल. सैल करताना तो नळीच्या कडेच्या बाहेर येऊ द्यायचा नाही. पॅरॅलेलोग्राममध्ये काही मॉडेलना स्प्रिंग आणि प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती आवळायची ते) असतो, काहींना रबरासारखा इलॅस्टोमर, तो वजनाप्रमाणे बदलायचा, डब्यातल्या कागदावर कुठल्या वजनाला कुठला ते दिलेलं असतं. इलॅस्टोमर थंडीत कडक होतो, तुमच्याकडे हिवाळा कडक असेल तर तेव्हा एक पायरी मऊ घाला.

किती मऊ ठेवायचा हे मोजूनच ठरतं. नुसतं शांत बसल्यावर पोस्टने एकूण हालचालीच्या पाचव्या भागाएवढं खाली जायला हवं, यालाच सॅग म्हणतात. 50 मिमी हालचाल असेल तर 10 मिमी. टेलिस्कोपिकला रबरी बूट, म्हणजे दांड्यावरचं रबरी आवरण, वर सरकवून आतल्या चकचकीत दांड्याला एक केबल टाय आवळा, तो खाली कॉलरला (बाहेरच्या नळीच्या तोंडावरच्या कड्याला) टेकवा, मग रोजची सॅक पाठीला लावून भिंतीला धरून हळूच बसा, हळूच उतरा. टाय आणि कॉलरमध्ये जेवढी फट पडली तेवढा सॅग. पॅरॅलेलोग्रामला असा दांडा नाही, तिथे दुसऱ्या कोणाला तरी पट्टी घेऊन बाजूला उभं करा. माझ्याकडे पहिल्या वेळी फट फक्त 3 मिमी आली, म्हणजे मी इतके दिवस दगडावरच बसत होतो. स्क्रू दोन फेरे सैल केला, 9 मिमी आले, आणि त्याच रस्त्यावरच्या त्याच गटाराच्या झाकणावरून गेलो तर धप्प ऐवजी नुसता हलका हुंकार.

सॅग ठरला की सीट तेवढीच वर घ्या, नाहीतर बसल्यावर पाय जास्त वाकलेला राहतो आणि गुडघे दुखतात. उंची नेहमी बसलेल्या अवस्थेत जुळवायची. सॅडलचं नाकही बसल्यावरच बघा. पॅरॅलेलोग्रामने सीट मागे जाते, हँडल लांब वाटेल, मग रेलवर सॅडल पुढे सरकवा. नीट उंची मिळाली की पोस्टवर क्लॅम्पच्या कडेला इलेक्ट्रिकल टेपचा एक वेढा मारून ठेवा, रोज घडी उघडल्यावर सीट टेपपर्यंत ओढली की काम झालं.

मग केबल टाय तसाच ठेवून आठवडाभर चालवा. टाय दांड्याच्या पार टोकाला गेलेला असेल आणि खड्ड्यात ठक्क असा आवाज येत असेल तर स्प्रिंग थोडी आवळा. अर्ध्यापर्यंतही जात नसेल तर अजून सैल करा. सपाट रस्त्यावर पेडल मारताना सीट तालात वर-खाली होतेय असं वाटलं तर आवळायच्या आधी एक गिअर हलका करून पाय गोल आणि भरभर फिरवून बघा, बऱ्याचदा तेवढ्यानेच थांबतं. आणि मोठा खड्डा दिसला की पोस्ट असला तरी पेडल आडवे करून बूड जरा उचला, छोट्या चाकाच्या रिमला वाचवायला दुसरा उपाय नाही.

देखभाल फार नाही. टेलिस्कोपिकचा बूट दोन-तीन महिन्यांनी वर करून दांडा पुसून पातळ ग्रीस लावा, पावसात चालवत असाल तर लवकर. सॅडलचं नाक हाताने डावी-उजवीकडे हलवून बघा, दोन-तीन मिमी खेळ चालतो, जास्त असेल तर कॉलरचा नट हाताने बेताने फिरवा. पॅरॅलेलोग्रामच्या सांध्यांमधून किरकिर आली की आधी पिना पुसा, मग तेल, तेही बनवणाऱ्याने चालेल म्हटलं असेल तरच. शिम लावलेली असेल तर महिन्यातून एकदा ती बाहेर काढून पुसा, रोज पोस्ट ओढताना ती थोडी थोडी वर येते आणि एक दिवस पोस्टबरोबर हातात येते.