पावसाळ्यात मासळीचे अवशेष आंबवून कोंबड्यांना देताना

मासळीची डोकी, कल्ले, आतडी आणि कोळंबीची टरफले यांत प्रथिने आणि कॅल्शियम चांगले असते, पण दमट हवेत हा माल काही तासांतच सडू लागतो. आंबवलेला माल टिकतो तो आम्लतेच्या जोरावर. पीएच (आम्लतेचा आकडा, जितका कमी तितके आम्ल जास्त) लवकर ४.५ च्या खाली उतरला नाही, तर बोट्युलिझमचे जंतू त्यात विष तयार करू शकतात. मग कोंबड्यांची मान लुळी पडते आणि पक्षी दगावतात. पीएच पट्ट्या हाताशी नसतील तर हे काम सुरूच करू नका.

अवशेष त्याच दिवशीचे घ्या. बंगडा, तारली, कुपा शिळे झाले की त्यात हिस्टामिन हे घातक द्रव्य वाढते, आणि ते उकळूनही जात नाही. खारवलेली मासळी आणि विषारी फुगा मासा अजिबात नको.

१० किलो अवशेष बारीक कुटून, बेताचे पाणी घालून २० मिनिटे उकळा. काही कच्च्या मासळीतले थायमिनेज ब-१ जीवनसत्त्व नष्ट करते. उकळल्यावर ते निकामी होते. माल कोमट होऊ द्या, मग २ किलो मळी किंवा गूळ आणि अर्धा लिटर ताजे आंबट ताक घालून ढवळा. गरम मालात ताक ओतले तर विरजणच मरते. प्लॅस्टिकचा ड्रम दोन-तृतीयांश भरा आणि झाकण सैल ठेवा, कारण वायू सुटतो. पत्र्याचा डबा आम्लाने गंजतो.

रोज तळापासून ढवळा. तिसऱ्या दिवशी वर, मध्ये आणि तळाशी पीएच तपासा. वास आंबूस-गोडसर हवा. अमोनियाचा किंवा कुजका वास आला, बुरशी दिसली किंवा पीएच ४.५ च्या वरच राहिला, तर तो माल खोल पुरून टाका. वरून आणखी गूळ घालून तो वाचवू नका. तयार झालेले विष गुळाने जात नाही. बहुतेक वेळा बिघाड होतो तो साखर कमी पडल्याने किंवा टरफले जास्त झाल्याने. खेकडा-कोळंबीच्या कवचातले कॅल्शियम कार्बोनेट तयार होणारे आम्ल खाऊन टाकते, म्हणून टरफले एक-चतुर्थांशाच्या आतच ठेवा. थंड हवेत आंबायला वेळ लागतो. अशा वेळी ड्रम उबदार जागी हवा.

पहिला आठवडा १०० किलो खाद्यात १ किलो ओला माल मिसळा, नंतर हळूहळू ५ किलोपर्यंत जा. अंडी देणाऱ्या ५० कोंबड्यांना दिवसाला साधारण ३०० ग्रॅम पुरतो. हे पूरक आहे, मूळ खाद्य बदलू नका. माल कोंड्यात चोळून सकाळी द्या आणि उरलेले संध्याकाळी काढा. ओल्या खाद्यावर पावसाळ्यात रातोरात बुरशी धरते. तीन आठवड्यांच्या आतल्या पिल्लांना देऊ नका.

तेलकट मासळीची चरबी खवट झाली की ई जीवनसत्त्व खर्ची पडते आणि अंड्या-मांसाला मासळीचा वास लागतो. तपकिरी अंडी देणाऱ्या काही जातींत हा वास लवकर जाणवतो. तसे दिसले तर प्रमाण निम्मे करा. मांसाच्या पक्ष्यांना विक्रीआधी दोन आठवडे हे खाद्य पूर्ण बंद ठेवा.