फ्रेंच स्पार्कलिंग वाईनची बाटली निवडताना लेबलवर काय पाहायचं

शॅम्पेन हे नाव फक्त शॅम्पेन प्रांतातल्या वाईनलाच लावता येतं. पण बाटलीत दुसऱ्यांदा आंबवून फेस आणायची तीच पद्धत फ्रान्समध्ये इतरत्रही वापरतात आणि तिथल्या बाटल्या बऱ्याच स्वस्त पडतात.

आधी 'क्रेमाँ' शब्द शोधा; याच पद्धतीने केलेल्या, शॅम्पेनबाहेरच्या वाईनचं हे नाव आहे. त्याला जोडून प्रांताचं नाव हवंच: अल्सास, बुरगोन्य, ल्वार, बोर्दो, ज्युरा, साव्वा, लिमू किंवा दी. द्राक्षं हाताने तोडलेली, 150 किलोंतून जास्तीत जास्त 100 लिटर रस, यीस्टच्या गाळावर किमान नऊ महिने आणि बाटलीत भरल्यापासून वर्षभराने विक्री, हे नियम सगळ्यांना लागू आहेत. शॅम्पेनला विक्रीपर्यंतची ही मुदत किमान 15 महिने आहे.

'क्रेमाँ' दिसलं नाही म्हणून बाटली लगेच ठेवून देऊ नका. ल्वार खोऱ्यातली वूव्रे ही शेनां द्राक्षाची उत्तम वाईन स्वतःच्याच नावाने विकली जाते. खरा घोळ लिमूत होतो. 'क्रेमाँ द लिमू'मध्ये शार्दोने आणि शेनां मुख्य असतात, तर 'ब्लाँकेत द लिमू'मध्ये किमान 90 टक्के मोझाक जातीची द्राक्षं. लिमूच्या लेबलवर 'मेतोद आन्सेस्त्राल' (पूर्वापार पद्धत) असेल तर वाईन गोडसर आणि जेमतेम 7 टक्के अल्कोहोलची निघते, कारण ती बाटलीत भरताना द्राक्षाची साखर पूर्ण आंबलेली नसते. 'क्लॅरेत द दी'ही तशीच, मस्कात द्राक्षाच्या सुगंधाची; जेवणाआधी कोरडी, म्हणजे गोड नसलेली वाईन हवी असेल तर ती घेऊ नका.

लेबलवर नुसतं 'व्हँ मूस्यो' (फेसाळ वाईन) असेल आणि प्रांत नसेल, तर फेस बहुधा टाकीत आणलेला असतो.

मग साखर पाहा. 'ब्रूत'मध्ये लिटरला 12 ग्रॅमपेक्षा कमी, 'एक्स्ट्रा ड्राय'मध्ये 12 ते 17, 'दमी-सेक'मध्ये 32 ते 50 ग्रॅम. 'ड्राय' वाचून सगळ्यात कोरडी समजून घेतलेली बाटली म्हणूनच गोड लागते.

बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी घालून बाटली अर्धा तास ठेवा. नुसत्या बर्फात ती सगळीकडून गार होत नाही, आणि कोमट बाटलीतला वायू झाकण निघताच वाईन बाहेर ढकलतो. बुचावरच्या तारेला सहा अर्धे पीळ असतात. ते सोडवताना अंगठा बुचावरून काढू नका. बाटली तिरकी धरून बूच घट्ट पकडा आणि बाटली फिरवा. बूच फट्‌कन उडालं तर त्याबरोबर फेसही वाया जातो.