मोठ्या माणसांनी ‘हंटर × हंटर’ कशी बघावी

‘शोनेन’ म्हणजे मुलगा. जपानमध्ये हा शब्द मासिक किंवा साप्ताहिक कोणत्या वाचकांसाठी काढलंय ते सांगतो. गोष्ट किती खोल आहे हे त्यावरून ठरत नाही. तोगाशी योशिहिरो यांची ‘हंटर × हंटर’ ही मंगा (जपानी चित्रकथा) मार्च १९९८ मध्ये ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकात सुरू झाली. मुखपृष्ठावर मासे धरायचा गळ घेतलेला बारा वर्षांचा पोरगा, बापाला शोधायला निघालेला गोन, दिसतो, आणि तो बघूनच बरीच मोठी माणसं पुढे जातात. (नावातला × उच्चारत नाहीत, नुसतं ‘हंटर हंटर’ म्हणतात.)

या मालिकेत ताकद कुणालाच फुकट मिळत नाही. ती अटी मान्य करून घ्यावी लागते, आणि अट मोडली तर त्याची वसुलीही होते. गृहकर्जाच्या कागदांवर सह्या केलेल्या माणसाला हे बारा वर्षांच्या मुलापेक्षा लवकर कळतं. म्हणून ‘कोण जिंकणार’ याकडे कमी आणि ‘यानं नेमकं काय कबूल केलंय’ याकडे जास्त लक्ष ठेवा. खालच्या बहुतेक सूचना त्यासाठीच आहेत.

कोणती आवृत्ती, किती वेळ

अ‍ॅनिमे, म्हणजे मंगावरून केलेल्या चित्रमालिका, दोन आहेत. पहिली १९९९ ची, निप्पॉन अ‍ॅनिमेशनची. दुसरी मॅडहाउस स्टुडिओची. दिग्दर्शक कोजिना हिरोशी, ऑक्टोबर २०११ ते सप्टेंबर २०१४, एकूण १४८ भाग. नव्यानं बघणाऱ्यानं दुसरी घ्यावी. जुनीतला अंधार आणि संथपणा आवडणारे लोक आहेत आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नाही, पण मुंग्यांचं पर्व (माणसं खाणाऱ्या किड्यांची गोष्ट) तिच्यात नाही, आणि मोठ्या प्रेक्षकाला खरं तर तिथंच पोचायचं असतं.

एक भाग साधारण २३ मिनिटांचा, म्हणजे सगळे मिळून ५७ तासांच्या आसपास. सुरुवातीचं आणि शेवटचं गाणं वगळलं तर भागामागे तीन मिनिटं वाचतात आणि आकडा ५० तासांच्या खाली येतो. रोज रात्री जेवणानंतर दोन भाग बघितले तर अडीच महिने लागतात. १३ वा आणि २६ वा भाग मुख्यतः मागच्या गोष्टींची उजळणी करतात, ते सोडले तरी चालेल. बाकी काहीही गाळू नका. इथं पंधरा भागांपूर्वी सहज टाकलेल्या वाक्यावर पुढे कुणाचा तरी जीव टांगलेला असतो.

आवाज जपानी ठेवा, खाली उपशीर्षकं. गोन आणि त्याचा मित्र किलुआ या दोन्ही मुलांना बायकांचे आवाज आहेत (हान मेगुमी आणि इसे मारिया). पहिला तासभर ते कानाला खटकतं, नंतर जाणवत नाही. त्यांचा सोबती कुरापिका याचा आवाज सावाशिरो मियुकी या अभिनेत्रीचा. यॉर्कन्यूच्या पर्वात ती एकही शब्द न वाढवता राग कसा वाढवत नेते ते नीट ऐका. उपशीर्षकं वाचता वाचता हे निसटतं.

पहिले २१ भाग

हंटर, म्हणजे दुर्मिळ गोष्टी शोधणारा परवानाधारक, होण्याची परीक्षा १ ते २१ या भागांत आहे. रंग भडक, संगीत उत्साही, गोन हसतमुख. पाचव्या भागापर्यंत ‘हे पोरांचं आहे’ असं वाटणं साहजिक आहे. तिथं थांबू नका, पण परीक्षा संपल्यावरही काहीच धरून ठेवत नसेल तर खुशाल सोडून द्या. जबरदस्तीनं १४८ भाग कुणी बघू नयेत.

या टप्प्यात तीन जागा लक्ष देऊन बघा. पहिली जहाजावरची. परीक्षेला निघालेला लेओरिओ उघड सांगतो की त्याला पैसा हवाय, आणि सगळे त्याला हलका माणूस समजतात. मग कळतं, त्याचा मित्र बरा होण्यासारख्या आजारानं गेला. उपचार होता, खर्च परवडण्यासारखा नव्हता. त्याला डॉक्टर व्हायचंय, आणि डॉक्टर व्हायलाही पैसाच लागतो. इस्पितळात अनामत रक्कम भरायच्या खिडकीपाशी कधी उभं राहिलेल्या माणसाला या प्रसंगात वेगळं काही समजावावं लागत नाही.

दुसरी जागा ट्रिक टॉवरची. ७२ तासांत वरून खाली यायचं असतं. पाच जणांचा गट, प्रत्येक वळणावर मतदान, बहुमत जिंकणार. वाटेत लेओरिओ पैज हरतो आणि ५० तास एका खोलीत बसून जातात. शेवटी दोन दारं उरतात. एका वाटेनं पाचही जण जाऊ शकतात, पण किमान ४५ तास लागतील. दुसरी तीन मिनिटांची, मात्र तिच्यावरून तिघांनीच जायचं आणि उरलेल्या दोघांनी भिंतीला साखळदंडानं बांधून घ्यायचं. हातात तासभरही उरलेला नाही. इथं भाग थांबवा आणि तुम्ही काय केलं असतं ते ठरवा, मग पुढे बघा. उत्तर नियमातच आहे. नियम न मोडता त्याच्यात वाट कशी काढायची, हे पुढची सगळी मालिका इथूनच शिकवायला लागते.

तिसरी जागा शेवटच्या फेरीची. हान्झो हा दुसरा उमेदवार गोनचा हात मोडतो आणि तरीही जिंकू शकत नाही, कारण समोरच्यानं ‘हरलो’ म्हटल्याशिवाय लढत संपत नाही आणि गोन ते म्हणत नाही. लहान प्रेक्षकाला इथं गोन शूर वाटतो. मोठ्यांना थोडी धास्ती वाटायला हवी. ती धास्ती विसरू नका, ११० भागांनंतर लागणार आहे.

नेन : एका कागदाचं काम

२७ ते ३६ हे भाग हेवन्स अरीना या लढतींच्या मनोऱ्यातले. इथं ‘नेन’ ही शरीरातल्या ऊर्जेची विद्या शिकवली जाते आणि इथंच मोठ्या प्रेक्षकांची पहिली मोठी गळती होते, कारण एकदम दहा-बारा जपानी शब्द अंगावर येतात. ते पाठ करू नका. पहिले चार पुरतात : तेन (ऊर्जा अंगाभोवती धरून ठेवणं), झेत्सु (ती बंद करणं), रेन (फुगवणं), हात्सु (ज्याचं त्याचं स्वतःचं कसब).

मग एका कागदावर षट्कोन काढा. वरच्या टोकापासून ओळीनं सहा प्रकार लिहा : बळ वाढवणारे, ऊर्जेचा गुणधर्म बदलणारे, वस्तू निर्माण करणारे, अपवादात्मक, दुसऱ्यावर ताबा घेणारे, ऊर्जा दूर फेकणारे. प्रत्येक माणूस जन्मतः एका टोकावर असतो. स्वतःच्या प्रकारात तो १०० टक्क्यांपर्यंत पोचतो, शेजारच्या टोकावर ८०, त्यापलीकडे ६०, समोरासमोरच्या टोकावर ४०. अपवादात्मक टोक वेगळं, तिथं बाहेरच्याला प्रवेश नाही. एवढा कागद जवळ ठेवलात तर पुढच्या शंभर भागांत कोण कशात कच्चा असणार हे लढाईआधीच सांगता येतं.

प्रकार ओळखायची परीक्षा साधी आहे. पेला काठोकाठ पाण्यानं भरायचा, वर एक पान तरंगत ठेवायचं, दोन्ही बाजूंना हात धरून ऊर्जा सोडायची. गोनचं पाणी काठावरून वाहतं, म्हणजे बळवाला. किलुआचं पाणी दिसायला तसंच राहतं, पण बोट बुडवून चाखलं तर किंचित गोड लागतं. तो गुणधर्म बदलणारा. पाण्याचा रंग बदलला तर दूर फेकणारा, पान हललं तर ताबा घेणारा, पाण्यात कण दिसले तर वस्तू घडवणारा.

आता कुरापिका. त्याच्या जमातीची कत्तल झालेली, आणि मारेकऱ्यांची टोळी त्याला शोधायचीय. तो वस्तू घडवणारा निघतो, म्हणजे बळात ६० टक्के. एवढ्यावर सूड शक्य नाही. मग तो काय करतो ते बघा. साखळी निर्माण करायची म्हणून गुरू त्याला दिवसेंदिवस खऱ्या साखळीसोबत ठेवतो. ती हाताळायची, तिचं चित्र काढायचं, चाटायची, वास घ्यायचा, तिचा आवाज ऐकायचा. मग साखळी काढून घेतात, आणि ती त्याला भासात दिसू लागते. त्यानंतर तो अट घालून घेतो : यातली एक साखळी फक्त त्या टोळीच्या माणसांवर वापरीन, दुसऱ्या कुणावर वापरली तर माझा जीव जाईल. अट जितकी जाचक तितकी ताकद मोठी. स्वतःचं आयुष्य एकाच कामाला तारण ठेवलेला माणूस असा दिसतो, आणि हे पात्र समजलं की मालिका समजली असं म्हणायला हरकत नाही.

मधल्या टप्प्यात एक चूक नेहमी होते. २२ ते २६, किलुआच्या घरचे भाग, लोक घाईत उरकतात. मारेकऱ्यांचं घराणं, फाटकाचं पहिलं दार ४ टनांचं, पुढचं प्रत्येक दुप्पट, नोकरांच्या घरातली एकेक सपाता २० किलोंची. हे गमतीचं वाटतं. पण परीक्षेत किलुआनं सांगितलेलं आठवा : घर सोडताना त्यानं आईला आणि भावाला भोसकलं, आणि आई आनंदानं रडली. मुलाकडून आपल्याला काय हवंय हे घर कधी तपासूनच बघत नाही. आईबाप झालेल्या प्रेक्षकांनी हे पाच भाग सावकाश बघावेत.

यॉर्कन्यू हे ३७ ते ५८ मधलं पर्व सर्वांत सोपं जातं. लिलाव, माफिया, ओलीस, फोनवरची घासाघीस. हाणामारीपेक्षा सौद्यांत जास्त ताण आहे. याच्यानंतर लगेच ग्रीड आयलंड (५९ ते ७५) लावू नका, चार दिवस जाऊ द्या. ते पत्त्यांच्या खेळाचं, उजेडाचं पर्व आहे आणि यॉर्कन्यूच्या तापलेल्या डोक्यानं ते फिकं वाटतं. पत्त्यांचे नियमही पाठ करायची गरज नाही. बिस्के ही शिक्षिका मुलांची तालीम कशी घेते आणि चेंडूचा सामना कसा आखला जातो, तेवढं धरून ठेवा.

मुंग्यांचं पर्व

७६ ते १३६, एकूण ६१ भाग. पाचातले दोन हिस्से मालिका इथंच आहे. सुरुवातीला माणसं खाणाऱ्या किड्यांची गोष्ट आहे आणि ती फार निर्घृण आहे. जपानमध्ये ही मालिका रविवारी सकाळी लागायची. ऑक्टोबर २०१३ मध्ये, याच पर्वात, ती मध्यरात्रीनंतरच्या वेळेवर गेली. घरात दहा-अकरा वर्षांची मुलं सोबत बघत असतील तर ७५ व्या भागाला थांबा. तिथं गोष्टीलाही विसावा आहे, त्यामुळे मुलांना अर्धवट वाटत नाही.

लोक इथं दोनदा सोडतात. पहिल्यांदा ८० ते ९० च्या दरम्यान, कारण कुरापिका आणि लेओरिओ दिसत नाहीत आणि नवी पात्रं ढीगभर येतात. सगळी लक्षात ठेवायची नाहीत. राजा मेरुएम, त्याचे तीन रक्षक पितोउ, पौफ आणि युपी, आणि कोमुगी ही आंधळी मुलगी, एवढ्यांकडे बघा. कोमुगी गुंगी नावाचा पटावरचा खेळ खेळते. राजा जगातल्या एकेका खेळात त्यातल्या अव्वल माणसाला हरवत सुटलेला असतो, आणि हिच्यासमोर हरत राहतो. पट मधे ठेवून हे दोघं बसलेत ती दृश्यं पुन्हा मागे नेऊन बघण्यासारखी आहेत. राजा सुरुवातीला तिच्याकडे कसा बसतो आणि नंतर कसा बसतो, एवढंच बघा.

दुसरी गळती १११ व्या भागापासून, राजवाड्यावरचा हल्ला सुरू झाल्यावर. काही सेकंदांची घटना भागभर चालते, निवेदक सतत बोलतो, प्रत्येकाच्या मनात काय चाललंय ते सांगतो. ज्यांना वाटतं की मालिका रेंगाळली, ते बहुधा दीडपट वेगानं बघत असतात. इथं वेग वाढवू नका. त्या सेकंदांत कुणी काय गृहीत धरलं होतं आणि ते कुठे चुकलं, याचा हिशेब निवेदक मांडतोय, आणि वेग वाढवला की हिशेबातले आकडेच गळतात. १११ ते १३१ हे एकवीस भाग दोन-तीन आठवड्यांच्या आत बघा. जास्त खंड पडला तर कोण कुठे उभा आहे ते विसरतं आणि मग खरंच कंटाळा येतो. १३१ वा भाग रात्री उशिरा, दुसऱ्या दिवशी लवकर उठायचं असताना लावू नका. परीक्षेतली ती धास्ती तिथं समोर येऊन उभी राहते.

काही बारीकसारीक सावधगिऱ्या. पात्राचं नाव इंटरनेटवर शोधू नका, शोधखिडकीतल्या सूचनाच सांगून टाकतात की तो मरतो की जगतो. सुरुवातीचं गाणं सगळीकडे तेच असलं तरी चित्रं बदलतात आणि येणारी माणसं आधी दाखवतात, तेव्हा नव्या पर्वाच्या पहिल्या भागाला ते पुढे ढकला. पुढच्या भागाची झलकही बंद. २०१३ चे दोन चित्रपट मालिका संपल्यावर बघा, किंवा नाही बघितले तरी गोष्टीत काही तुटत नाही.

१३७ ते १४८ मध्ये हंटरांच्या संघटनेच्या अध्यक्षाची निवडणूक आहे. आधीच्या पर्वानं अंगावर ठेवलेलं ओझं त्यात उतरतं. गोननं सुरुवातीला काढलेल्या प्रश्नाचं, बापानं मला का सोडलं याचं, एक उत्तर मिळतं. ते पूर्ण समाधान करणारं नाही, आणि घराबाहेर बरीच वर्षं काढलेल्या माणसाला ते जास्त खरं वाटतं. पुढचं वाचायचं असेल तर मंगाच्या ३२ व्या खंडातलं शेवटचं प्रकरण, ३४० वं, वाचा आणि मग ३३ वा खंड घ्या. मंगा अजून संपलेली नाही आणि मधे मोठमोठे खंड पडतात. पुढच्या प्रकरणांत संवाद इतका दाट आहे की पानाला पाच मिनिटं सहज जातात. नेनचा तो षट्कोनाचा कागद तेव्हा फेकून दिलेला नसावा.