एकचाकीवर बसण्याआधी पायांच्या पॅडची तयारी

माझ्या भाच्याने एकचाकी सायकल शिकायला घेतली तेव्हा घरातून निघताना पॅड बांधलेले असायचे आणि इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत ते पिशवीत गेलेले असायचे. "आत्या, गुडघ्यामागे कापतंय गं," एवढंच तो म्हणायचा. मग एका संध्याकाळी पॅडलवरून पाय सटकला आणि पॅडलच्या खिळ्यांनी नडगीवर ओळीने सहा ठिपके उमटवले, शिवणयंत्राच्या टिपेसारखे सरळ. नडगीच्या हाडावर पुढून मांस नसतं, कातडीखाली थेट हाड, त्यामुळे ते दुखणं किती खोल जातं हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्याला रागावण्यात अर्थ नव्हता. बोचणारं पॅड कोणतंच मूल बांधून ठेवत नाही. मला शिवणकाम येतं, म्हणून मी पॅडच हातात घेतले. तेव्हापासून जी तयारी करत आले, ती इथे लिहिते आहे. तुमच्या घरी कुणी शिकणारं असेल तर पुढच्या रविवारच्या सरावाआधी आठवडाभराचा वेळ हाताशी ठेवा.

आधी हे समजून घ्या की दुकानात मिळणारे बहुतेक पॅड स्केटिंगसाठी बनतात आणि स्केटिंगमध्ये पाय बराच वेळ एकाच अवस्थेत घसरत असतो. साध्या एकचाकीला फ्रीव्हील नसतं. चाक फिरतंय तोवर पॅडल फिरतं आणि पॅडल फिरतंय तोवर गुडघा वाकतो, विसावा नाही. २० इंची चाकाचा घेर साधारण १.६ मीटर, म्हणजे एका किलोमीटरला प्रत्येक गुडघा सव्वासहाशे वेळा वाकून उघडतो. उभं राहून बांधल्यावर छान वाटलेला पट्टा सव्वासहाशे वेळा घासला की काय होतं, ते भाच्याच्या पायावर लाल रेघ होऊन उमटलं होतं. म्हणून पॅड नेहमी वाकलेल्या गुडघ्यावर बसवायचं. बाकीची सगळी तयारी यातूनच निघते.

मापं घ्यायची ती खुर्चीवर बसून, तळवा जमिनीला टेकवून. गुडघ्याच्या वाटीच्या चार बोटं वर मांडीचा घेर मोजा, मग पोटरी जिथे सर्वात जाड तिथला. पोटरी एकदा चवड्यावर उभं राहूनही मोजा, कारण पॅडल दाबताना ती फुगते आणि पट्ट्याला तेवढी जागा द्यावी लागते. पॅडची वाटी गुडघ्याच्या वाटीवर बसते की नाही ते वाकलेल्या पायावरच बघा. उभ्याने बरोबर वाटणारं पॅड बसल्यावर बोटभर वर सरकलेलं असतं. खालची कड घोट्याच्या पुढच्या घडीपासून तीन बोटं वर राहिली पाहिजे, नाहीतर पाऊल उचललं की ती रुतते. आणि पोटरी उघडी ठेवू नका. मागून येणारं पॅडल पोटरीवरही तेवढ्याच जोरात बसतं. निदान जाड कापडाचं वेष्टण तरी मागे हवंच.

इंदूर हे होळकर क्रिकेट संघाचं आणि सी. के. नायडूंचं गाव, त्यामुळे क्रीडासाहित्याच्या दुकानात पॅड मागितले की आधी क्रिकेटचे समोर येतात. ते घेऊ नका. त्यांचे कान रुंद असतात, एकमेकांवर आणि एकचाकीच्या फ्रेमवर आपटतात. फुटबॉलचे शिनगार्ड नडगीपुरते चालतात, गुडघ्याला मात्र वेगळं काहीतरी लागेल. गुडघा आणि नडगी जोडलेलं लांब पॅड मिळालं तर उत्तम; ते कमी घसरतं, फक्त उन्हाळ्यात फार तापतं.

आता पॅड उलटं करून आतून हात फिरवा. प्लास्टिकचं कवच जिथे पट्ट्याला जोडलेलं असतं तिथे रिव्हेटची, म्हणजे ठोकून बसवलेल्या खिळ्यांची, डोकी लागतील. बोटाला ती किरकोळ वाटतात, नडगीच्या हाडाला नाही. नेमकं कोणतं टोचतंय हे मूल सांगू शकत नाही, "इथे कुठेतरी" म्हणतं. आपल्याकडे रंगपंचमीच्या गेरीनंतर, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीनंतर, घरात गुलालाची पुडी उरलेली असतेच. चिमूटभर गुलाल प्रत्येक रिव्हेटवर आणि कडेवर चोळा, पायात पांढरा मोजा घालून वर पॅड बांधा आणि वीस वेळा उठबस करायला लावा. मोजा सांगतो. भाच्याच्या मोज्यावर गुडघ्याखाली आतल्या बाजूला रुपयाएवढा गोल डाग आला होता, आणि मी मात्र तोवर वरच्या पट्ट्यालाच दोष देत होते.

दाब येतो तिथे सरळ फोम चिकटवला तर दाब वाढतो. ही चूक मीही केली. फोम त्या जागेच्या भोवती लावायचा, मधे भोक ठेवून, मेदूवड्यासारखा. म्हणजे भार आजूबाजूला वाटला जातो आणि रिव्हेट भोकात राहतो. सोफ्याचा मऊ स्पंज यासाठी कामाचा नाही. तो दाबला की कागदासारखा चपटा होतो आणि घाम पितो. ईव्हीए नावाच्या घट्ट फोमची शीट आणा किंवा त्याच जातीची जुनी योगा मॅट कापा. ५–६ मिलिमीटर जाडी पुरते. कडा ब्लेडने तिरप्या छाटा, उभी कड पुन्हा घासते. रबराचं चिकटद्रव्य दोन्ही बाजूंना पातळ लावून, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबून मगच दाबायचं, तेही खिडकी उघडी ठेवून, आणि रात्रभर हात लावायचा नाही.

पट्ट्यांसाठी एक अख्खी दुपार ठेवा, खरी लढाई तिथेच आहे. गुडघ्यामागची लवण ही पायाची सर्वात नाजूक घडी. तिथून एकही पट्टा जाऊ देऊ नका. वरचा पट्टा लवणीच्या वर, खालचा पोटरीवर, आणि मधला असलाच तर तो उसवून तिरपा करा, म्हणजे मागे फुली पडते आणि घडी मोकळी राहते. दुकानातलं अरुंद, एक इंची इलॅस्टिक काढून दोन इंची लावा. तेवढ्याच ओढीला दाब निम्म्यावर येतो. राजवाड्याच्या आसपास शिवणसामानाच्या दुकानात ते मीटरने मिळतं. टाके दुहेरी घाला आणि गाठ बाहेरच्या बाजूला ठेवा. बक्कल आणि पट्ट्याची मोकळी टोकंही बाहेरच्याच बाजूला हवीत, कारण आतल्या बाजूला फ्रेम असते आणि चाक व क्रँक, म्हणजे पॅडलचा दांडा, फिरत असतात. लोंबणारं टोक कापून टाका, नुसतं खोचून ठेवू नका.

आणखी एक गोष्ट हाताने चाचपून बघा. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, वाटीच्या जरा खाली, हाडाचा एक उंचवटा लागतो. त्याच्या मानेला वळसा घालून एक नस कातडीच्या अगदी जवळून खाली जाते. तिथे पट्टा करकचून बसला तर पावलाच्या वरच्या भागाला मुंग्या येतात आणि पाऊल वर उचलायला जड जातं. मूल "पाय झोपला" म्हणालं तर दुर्लक्ष करू नका. पट्टा त्या क्षणी सोडा आणि चार बोटं खाली न्या. खाली उतरवूनही मुंग्या राहिल्या तर डॉक्टरांना दाखवा. पट्टा बांधल्यावर त्याखाली दोन बोटं सरकली पाहिजेत, हे माप मी कधी सोडत नाही.

वेल्क्रोची खरखरीत बाजू कधीही कातडीकडे येता कामा नये. दोरे आणि केस अडकून ती पकडेनाशी होते, तेव्हा जुन्या टूथब्रशने उलट दिशेने घासा, राहिलेला गुंता सेफ्टी पिनने उपसा.

पॅडच्या आत काय घालायचं यावर मी बरंच करून बघितलं. सुती मोजा घामाने भिजतो आणि भिजलेला राहतो. निओप्रीनच्या, म्हणजे रबरी फोमच्या, नळीत पाय उकडतो, मे महिन्यात तर पुरळच येतं. सर्वात चांगला फुटबॉलचा लांब मोजा, पाऊल कापून टाकलेला आणि उलटा घातलेला, म्हणजे शिवण बाहेर राहते. वर तो पॅडपेक्षा तीन बोटं जास्त ठेवून कडेवरून दुमडायचा. कड मांडीला लागतच नाही. मल्लखांबाला जाणारी मुलं अंगाला एरंडेल लावतात ते पाहून भाच्याने विचारलं होतं, आपण लावू का. पॅडखाली तेल नको, पॅड घसरतं. लवणीत पेट्रोलियम जेलीचा पातळ हात पुरे, आणि इलॅस्टिकला ती लागू देऊ नका, रबर लवकर सैल पडतं.

इतकं करूनही गुडघ्याशी पॅड चिमटत असेल तर पॅड सोडा आणि सीट बघा. भीतीपोटी शिकणाऱ्याची सीट खाली ठेवली जाते, मग गुडघा वर छातीकडे येतो आणि पॅड मधे चेपलं जातं. पॅडल सर्वात खाली असताना पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे, तिथवर सीट उचला. क्रँकचंही तसंच आहे: १५० मिलिमीटरची क्रँक पाय ३० सेंटिमीटर वर-खाली नेते, १२५ ची २५ सेंटिमीटर. पण आखूड क्रँकवर ताबा कठीण जातो, तेव्हा शिकेपर्यंत सीटवरच भागवा. खिळ्यांची धातूची पॅडलं काढून प्लास्टिकची लावा, हे तर पहिल्याच दिवशी.

आदल्या रात्री पॅड कोरडे आहेत ना ते आतून हात लावून बघा. पावसाळ्यात ते वरून वाळतात, आत ओल राहते, त्यांना रात्रभर पंख्याखाली उभे टाका. धुताना वेल्क्रो बंद करून, गार पाण्यात, साध्या साबणाने, आणि वाळवण सावलीत. पिशवीत एक सुटा मोजा, सेफ्टी पिना आणि फोमचा हातभर तुकडा टाका.

सकाळी पॅड घरी न बांधता जागेवर, पायरीवर बसून, गुडघा वाकवून बांधा. भिंत धरून दहा मिनिटं चालवू द्या आणि मग एकदा पट्टे नव्याने लावा. थोडं चालवलं की पट्टा सैल होतोच. घरी परतल्यावर पॅड काढून पाय नीट बघा. लाल खूण पडणारच. कॅलिपर (पायाला आधार देणारा सांगाडा) आणि कृत्रिम पाय बसवणारे लोक ती किती वेळ टिकते हे बघतात: वीस-तीस मिनिटांत गेली तर ठीक. आमच्याकडे तेवढ्यात पोहे होतात. प्लेट संपली तरी खूण तशीच असेल तर पॅड खुंटीला टांगायचं नाही, शिवणयंत्राजवळ ठेवायचं, आणि गुलालाची पुडी शेजारी.